चित्ताची वहिवाट

विनोबांच्या मातोश्री रुक्मिणीबाई यांनी एकदा देवाला एक लक्ष तांदूळ वाहण्याचा संकल्प केला, आणि रोज पूजेच्या वेळी त्या एकेक दाणा मोजून वाहू लागल्या. विनोबांचे वडील नरहरराव हे शास्त्रीय वृत्तीचे गृहस्थ. त्यांनी हा खटाटोप पाहिला आणि सुचविले की, एक तोळा तांदूळ तोलून त्यात दाणे किती भरतात ते मोजावे, त्या हिशेबाने लाखाचे वजन काढावे, आणि चूकभूल राहू नये म्हणून वर अर्धा तोळा अधिक घालावा, म्हणजे काम झाले. या युक्तिवादात खोट काढण्यासारखे काहीच नव्हते, त्यामुळे रुक्मिणीबाईंना उत्तर सुचेना, आणि त्यांनी आपल्या विन्याला विचारले. मुलाने सांगितले की, हा गणिताचा प्रश्नच नव्हे. दाण्यादाण्याला देवाचे स्मरण घडते, मन त्या एका जागी राहते, म्हणून मोजायचे. ही हकिकत विनोबांनी स्वतःच सांगून ठेवली आहे. ध्यान आणि मेंदू यांच्या संबंधाविषयी अलीकडे जे काही वाचावयास मिळते ते वाचताना ती मला वारंवार आठवते, कारण गेल्या शंभर वर्षांतील संशोधकांची सारी खटपट एका अर्थी नरहररावांचा तराजू घेऊन रुक्मिणीबाईंच्या पाटाशी बसण्याची आहे : असा एकेक दाणा मोजणाऱ्या माणसाच्या डोक्यात रोज नेमके काय घडत असेल?

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे या गावी झाला. त्या वेळी हा मुलूख कुलाबा जिल्ह्यात मोडत असे; त्याचे रायगड हे नाव १९८१ सालचे. गागोद्यापासून रोहे काही फार दूर नाही. तेथे कुंडलिकेच्या काठी १९२० साली पांडुरंगशास्त्री आठवले जन्मले, ज्यांनी पुढे स्वाध्यायाच्या रूपाने गीतेतला विचार कोळ्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या दारापर्यंत नेला. रोह्याहून तळा गावाच्या बाजूस गेले की कुडे गावाजवळ डोंगरात कोरलेली बौद्ध लेणी लागतात; त्यांतील सर्वांत जुनी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. त्यांच्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत, आणि त्यांत राजघराण्यातल्या मंडळींच्या बरोबरीने माळी, वैद्य, व्यापारी अशी साधी प्रपंचातली माणसेही आहेत. भिक्षूंसाठी कोरलेल्या त्या लहानशा खोल्यांतील दगडी ओट्यावर हात ठेवला म्हणजे मनात येते की, एखाद्या वैद्याने आपल्या मिळकतीतला वाटा दुसऱ्याला स्वस्थ बसता यावे म्हणून खर्च केला, तो काही उगाच नव्हे. स्वस्थ बसण्याची किंमत या मुलखाला फार पूर्वीपासून ठाऊक असावी.

मेंदू अभ्यासाने घडतो हे समजावून घ्यावयाचे तर आपल्याकडे त्यासाठी एक शब्द तयारच आहे : वहिवाट. भातशेतीच्या मुलखात वाट कोणी बांधून देत नाही. एक माणूस बांधावरून जातो, त्याच्या मागून दुसरा, मग गुरे, मग शाळेची मुले. गवत झिजते, माती घट्ट होते, आणि काही वर्षांनी ती वाट इतकी रूढ होते की तिला हक्काचे स्वरूप येते, आणि कोणी ती अडविली तर १९०६ सालच्या मामलेदार कोर्टाच्या कायद्यान्वये मामलेदारापुढे दाद मागता येते. उलट ज्या वाटेने कोणी जात नाही तिच्यावर एका पावसाळ्यातच टाकळा माजतो. आपल्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत, आणि प्रत्येक पेशी अनेकांशी अतिसूक्ष्म सांध्यांनी जोडलेली असते. ज्या सांध्यांवरून संदेश वारंवार जातात ते बळकट होतात, ज्यांवरून जात नाहीत ते क्षीण होतात. डोनाल्ड हेब या कॅनडातील मानसशास्त्रज्ञाने १९४९ साली यातील बळकट होण्याचे तत्त्व मांडले, तेव्हा प्रौढ माणसाचा मेंदू एकदा घडला की घडला, पुढे त्यात केवळ झीजच व्हावयाची, असा समज वैद्यकात सर्वत्र दृढ होता. तो समज ढळण्यास पुढे कित्येक वर्षे लागली. लंडनच्या टॅक्सीचालकांना परवाना मिळविण्यासाठी त्या शहरातील सुमारे पंचवीस हजार रस्ते तोंडपाठ करावे लागतात; २००० साली एलिनॉर मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा चालकांच्या मेंदूची छायाचित्रे घेतली, तेव्हा स्थळांची स्मृती राखणारा हिप्पोकॅम्पसचा मागील भाग इतरांपेक्षा मोठा असल्याचे आढळले, आणि ज्याची नोकरी जितकी जुनी तितका तो अधिक मोठा.

मग प्रश्न असा उरतो की, आपल्यासारखा सामान्य माणूस, ज्याला लंडनचे रस्ते पाठ करावयाचे नाहीत, तो दिवसभर मनाच्या कोणत्या वाटेने येजा करीत असतो? २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट या दोघांनी २,२५० प्रौढ व्यक्तींना दिवसभरात अचानक केव्हाही विचारले की, या क्षणी तुम्ही काय करीत आहात, आणि तुमचे मन त्याच कामात आहे काय? जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हते, आणि ते जेव्हा भटकत होते तेव्हा माणसे सामान्यतः कमी सुखी होती. काम हाती नसताना मेंदूतील काही विशिष्ट भाग एकत्र येऊन चालू राहतात. कालचे बोलणे, उद्याची काळजी, लोक मला काय म्हणतील, हे सारे दळण त्या जाळ्यात चालते. कर्जाचा हप्ता, मुलीचे शिक्षण, वृद्ध वडिलांचा दवाखाना, रोह्याजवळच्या धाटावच्या कारखान्यातील रात्रपाळी, यांची चिंता करणे हा काही अपराध नव्हे. परंतु तीच चिंता दिवसातून शंभर वेळा त्याच वाटेने फिरली की त्या वाटेची वहिवाट होते, आणि मग कारण नसतानाही पाय आपोआप तिकडेच वळतात.

शरीरात या चिंतेचा हिशेब वेगळा चालतो. मेंदूच्या आत, कानशिलाच्या खोलवर, बदामाच्या आकाराचा एक लहान भाग आहे. त्यास अमिग्डाला म्हणतात. धोक्याची चाहूल लागली की तो इशारा देतो, मूत्रपिंडांवरील ग्रंथी ॲड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल रक्तात सोडतात, हृदय धडधडते, स्नायू आवळतात, पचन थांबते. वाटेत नाग दिसला तर हीच व्यवस्था प्राण वाचविते. परंतु अमिग्डालाला नाग आणि वरिष्ठांचा कडक शेऱ्याचा कागद यांतला फरक फारसा कळत नाही. कपाळाच्या मागे असलेला प्रीफ्रंटल कॉर्टेक्स हा विवेकाचा भाग त्याला आवर घालू शकतो, पण माणूस थकलेला आणि सतत धास्तावलेला असेल तर हा आवर सैल पडतो. महिनोन्महिने चढलेला कॉर्टिसॉल झोप बिघडवितो, रक्तदाब वाढवितो, आणि स्मृतीवरही परिणाम करतो.

ध्यान या व्यवस्थेत कोठे हात घालते, हे समजण्यासाठी आधी ध्यान करताना प्रत्यक्ष काय होते ते पाहिले पाहिजे, कारण त्याविषयी गैरसमज फार आहेत. माणूस बसतो, श्वासाकडे लक्ष देतो, आणि दोन-चार श्वासांतच त्याचे मन बाजारात जाऊन पोहोचते. थोड्या वेळाने त्याच्या ध्यानात येते की आपण येथे नाही. तो मनाला दोष न देता परत श्वासावर आणतो. ते पुन्हा जाते, तो पुन्हा आणतो. पुष्कळ माणसे पहिल्या आठवड्यातच म्हणतात की, आमचे मन स्थिर होत नाही, हे आपल्याला जमण्यासारखे नाही, आणि सोडून देतात. मला याचे मनापासून वाईट वाटते, कारण ज्याला ते अपयश समजतात तोच मुळी अभ्यास आहे. मन गेले हे कळणे, आणि ते परत आणणे, एवढीच ती कसरत; ज्याचे मन एकदाही गेले नाही त्याची कसरत झालीच नाही. २०११ साली जडसन ब्रूअर यांच्या संशोधनात दीर्घकाळ ध्यान करणाऱ्यांच्या मेंदूत वर सांगितलेले भटकंतीचे जाळे तुलनेने शांत असल्याचे आढळले, आणि त्या जाळ्याचा आवर घालणाऱ्या भागांशी असलेला संबंध ध्यान चालू नसतानाही अधिक घट्ट होता.

याचे एक रूप पेणच्या गणपतीच्या कारखान्यात दिसते. पेण, हमरापूर, जोहे या गावांतून वर्षभर मूर्तिकाम चालते. साच्यातून मूर्ती निघतात, वाळतात, घासून गुळगुळीत होतात, रंगतात, आणि सर्वांत शेवटी डोळ्यांची आखणी होते. ते काम सगळ्यांना देत नाहीत. बारीक कुंचला हाती धरून आखणी करणारा कारागीर पापणीची रेघ ओढताना श्वास रोखतो, रेघ पुरी झाली की सोडतो. भोवती माणसांची येजा, टेम्पोचा आवाज, मालकाची हाक, यांपैकी काहीही त्या क्षणापुरते त्याला नसते. हजारो मूर्तींचे डोळे आखलेल्या त्या हातामागच्या मेंदूत अवधानाची एक रुंद वाट पडलेली असली पाहिजे यात मला शंका नाही. तरीही एक भेद नोंदविला पाहिजे. कारागिराचे लक्ष रेघेवर असते. ध्यान करणाऱ्याला रेघेसारखा श्वासही पाहावयाचा असतो, आणि तो पाहणाऱ्या मनात उठणारा राग, भीती, कंटाळा, हेही तितक्याच शांतपणे पाहावयाचे असतात. एकाग्रता हा ध्यानाचा पाया. उठलेली वृत्ती पाहून तिला जाऊ देणे ही त्यावरची इमारत.

हे जाऊ देणे विनोबांनी बालपणीच पाहिले होते. त्यांचे आजोबा शंभुराव गणेशोत्सवात मुलांना बसवून चंदन उगाळून घेत, त्या चंदनाची मूर्ती करीत, तिची मनोभावे पूजा होई, आणि मग ती विसर्जित करीत. स्वतःच्या हातांनी उगाळलेल्या चंदनाचा देव पाण्यात सोडताना लहान मुलाला काय वाटत असेल, याची कल्पना करावी. याच पेण तालुक्यात आज ज्या लक्षावधी मूर्ती घडतात, त्या सर्वच दीड, पाच, सात वा दहा दिवसांनी पाण्यात जावयाच्या असतात, आणि कारागीर पुन्हा मातीच्या गोळ्यापाशी येऊन बसतो.

भारतात ध्यान आणि योग यांचे मोजमाप पेणहून घाट चढून गेल्यावर, लोणावळ्यास सुरू झाले. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली तेथे कैवल्यधाम स्थापिले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढले. योगासंबंधी जे जे म्हटले जाते ते क्ष-किरणांच्या, रक्तदाबमापकाच्या आणि रासायनिक तपासणीच्या कसोटीवर घासून पाहिल्याशिवाय लोकांना सांगू नये, हा त्यांचा बाणा होता, आणि शंभर वर्षांनंतरही तो मला आदर्श वाटतो. पुढे १९५७ च्या सुमारास बसुकुमार बागची आणि मॅरियन वेंगर हे दोन शास्त्रज्ञ अमेरिकेतून उपकरणे घेऊन आले, योग्यांच्या शोधात भारतात ठिकठिकाणी फिरले, आणि लोणावळ्यासही त्यांनी काम केले. १९६१ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांनी योग्यांच्या मेंदूतील विद्युत्-लहरींचे आलेख काढले. समाधीत असताना प्रकाश, आवाज, उष्ण स्पर्श यांनी त्या लहरींत खंड पडला नाही. दोघा योग्यांनी तर सुमारे चार अंश सेल्सियसच्या पाण्यात पाऊण तासाहून अधिक वेळ हात बुडवून ठेवला, तरीही शांततेच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अल्फा लहरी तशाच चालू राहिल्या.

सामान्य माणसापर्यंत हा अभ्यास पोहोचला तो दोन मार्गांनी. ब्रह्मदेश स्वतंत्र झाल्यावर तेथील अकाउंटंट जनरल झालेले ऊ बा खिन, म्हणजे सरकारी हिशेबखात्याचे सर्वोच्च अधिकारी, आपले दप्तर सांभाळून कचेरीतच विपश्यना शिकवीत. त्यांचे शिष्य सत्यनारायण गोयंका १९६९ साली भारतात आले, आणि १९७६ साली इगतपुरीस धम्मगिरी हे केंद्र उभे राहिले. तेथील दहा दिवसांच्या शिबिरात आरंभीचे तीन दिवस केवळ श्वास पाहावयाचा, आणि पुढे देहावर उठणाऱ्या संवेदना डोक्यापासून पायापर्यंत तटस्थपणे पाहावयाच्या. दुसरा मार्ग अमेरिकेतला. १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी जुनाट वेदना आणि तणाव यांनी त्रस्त रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम काढला, त्यातील धर्माचा पेहराव उतरविला आणि गाभा ठेवला. आज ज्यास ‘माइंडफुलनेस’ म्हणतात तो हाच. हा शब्द पालीतील ‘सति’साठी योजलेला; ती ‘सति’ आणि आपली ‘स्मृति’ ही एकाच मुळाची. मराठीत मात्र मला ज्ञानेश्वरांचा शब्द अधिक जवळचा वाटतो, कारण नवव्या अध्यायाच्या आरंभी त्यांनी श्रोत्यांकडे दुसरे काही न मागता अवधानच मागितले आहे.

आता नरहररावांच्या तराजूकडे यावयाचे. २००५ साली सारा लाझार यांनी ध्यानाचा दीर्घ सराव असलेल्या वीस व्यक्तींच्या मेंदूची तुलना पंधरा इतरांशी केली, तेव्हा देहातील संवेदनांची जाण ठेवणारा इन्सुला आणि कपाळामागचा काही भाग ध्यान करणाऱ्यांमध्ये अधिक जाड आढळला. २०११ साली ब्रिट्टा होल्झेल आणि सहकाऱ्यांनी आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम पुरा केलेल्या सोळा व्यक्तींची तपासणी केली. ते रोज सरासरी सत्तावीस मिनिटे सराव करीत, आणि त्यांच्या हिप्पोकॅम्पसमधील करड्या द्रव्याची घनता वाढलेली दिसली. ही वार्ता जगभर पसरली, आणि ‘आठ आठवड्यांत मेंदू बदला’ अशा आश्वासनांचा बाजार सुरू झाला. परंतु एक तोळा तांदळावरून लाखाचा हिशेब काढताना तो तोळा कोणत्या पोत्यातला हे पाहावे लागते. सोळा माणसे म्हणजे फार लहान तोळा; शिवाय स्वतःहून ध्यानाला आलेली माणसे आधीपासूनच इतरांहून निराळी असू शकतात. २०२२ साली रिचर्ड डेव्हिडसन यांच्याच प्रयोगशाळेतून, म्हणजे ध्यानाविषयी ज्यांना आत्मीयता आहे अशा मंडळींकडून, दोनशेहून अधिक व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात लोकांची विभागणी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे केली होती, आणि आठ आठवड्यांनंतर मेंदूच्या रचनेत ध्यानामुळे म्हणता येईल असा कोणताही बदल सापडला नाही. आपल्याच आवडत्या निष्कर्षाविरुद्ध जाणारा पुरावा त्यांनी दडविला नाही, याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो. कुवलयानंदांनाही तो वाटला असता.

म्हणून सारे व्यर्थ, असा अर्थ कोणी काढू नये. रस्त्याची रुंदी वाढण्याच्या कितीतरी आधी त्यावरची रहदारी बदलते. दहा हजार ते पन्नास हजार तास ध्यान केलेल्या तिबेटी भिक्षूंच्या मेंदूत २००४ साली असामान्य बळाच्या गॅमा लहरी नोंदल्या गेल्या, पण तो आयुष्यभराचा हिशेब झाला. आपल्यासारख्यांना अधिक उपयोगाची माहिती दवाखान्यातून आली आहे. वारंवार नैराश्याने ग्रासलेल्या, तीन वा अधिक वेळा ते भोगलेल्या रुग्णांवर २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपैकी ६६ टक्क्यांना साठ आठवड्यांच्या मुदतीत दुखणे उलटले. ज्यांना त्याबरोबर सजगतेवर आधारलेले शिक्षण दिले त्यांच्यात हे प्रमाण ३७ टक्के होते. २०१४ साली ४७ चाचण्या आणि ३,५१५ व्यक्ती एकत्र घेऊन केलेल्या परीक्षणात चिंता, नैराश्य आणि वेदना यांवर ध्यानाचा मध्यम पण खरा उपयोग दिसला. मात्र व्यायाम किंवा औषध यांहून ते श्रेष्ठ असल्याचा पुरावा मिळाला नाही. २०२२ साली चिंताविकाराच्या २७६ रुग्णांवर झालेल्या चाचणीत आठ आठवड्यांचा ध्यानाचा अभ्यासक्रम एस्सिटॅलोप्रॅम या प्रचलित औषधाच्या तोडीचा ठरला. मला हे पुष्कळ वाटते. शांत बसण्यासारख्या, कवडी खर्च न लागणाऱ्या गोष्टीने एखाद्या धास्तावलेल्या माणसाची रात्र सुसह्य होत असेल, तर त्यासाठी मेंदूचा आकार वाढलाच पाहिजे असे नाही.

विनोबांचे स्वतःचे एक उदाहरण या संदर्भात सांगण्यासारखे आहे. १९३८ साली त्यांची प्रकृती इतकी खालावली होती की वजन ८८ पौंडांवर आले. गांधीजींनी हवापालट सुचविली, तेव्हा ते वर्ध्याजवळ पवनारला गेले, आणि धाम नदी ओलांडताना सर्व कामांचे, सर्व विचारांचे ओझे आपण टाकीत आहोत असा संकल्प त्यांनी उच्चारला. तेथे ते रिकाम्या मनाने राहत, थोडे फिरत, थोडे खोदकाम करीत, आणि ते हळूहळू वाढवीत. दहा महिन्यांत वजन १२८ पौंडांवर गेले. एका माणसाच्या हकिकतीवरून सर्वांसाठी नियम काढता येत नाही, आणि त्यांना त्या काळात विश्रांती, मोकळी हवा आणि वेळच्या वेळी आहारही मिळत होता. पण येथे माझ्या मते एक महत्त्वाचे सूत्र दडले आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीतेवरील प्रवचनांत, जी साने गुरुजींनी लिहून घेतली, सहाव्या अध्यायावर बोलताना विनोबांनी चित्ताच्या एकाग्रतेला जीवनाची परिमितता जोडली आहे : खाणे, बोलणे, पाहणे, ऐकणे यांना माप असले तरच एकाग्रता साधते. वीस मिनिटे डोळे मिटून बसावयाचे आणि उरलेला दिवस दर पाच मिनिटांनी हातातला मोबाईल चाळावयाचा, तर जितकी वाट घडते तिच्याहून कितीतरी अधिक ती मोडते. आजच्या बहुतेक शिकवण्यांतून हा परिमिततेचा भाग गाळला जातो, आणि मला ती त्यांची सर्वांत मोठी उणीव वाटते.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे माझे कर्तव्य आहे. ध्यान सर्वांना सर्व काळी मानवतेच असे नाही. ज्यांच्या मनावर जुना मोठा आघात आहे, त्यांना डोळे मिटून आत पाहताना तोच आघात पुन्हा उसळून वर येऊ शकतो. काहींना तीव्र अस्वस्थता येते, झोप उडते, आपण आपल्यापासून तुटलो आहोत असे वाटते. अशा वेळी नेटाने बसून राहणे हा पराक्रम नव्हे. डोळे उघडावे, उठावे, चालावे, कोणाशी बोलावे. मानसिक आजारावर औषध चालू असेल तर ते वैद्याच्या सल्ल्यावाचून कदापि बंद करू नये, आणि आपल्या किंवा घरातल्या कोणाच्या मनात जीव नकोसा झाल्याचा विचार येत असेल तर सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन करता येतो. लेण्यातल्या भिक्षूलाही वैद्याची गरज होतीच.

मग आरंभ कोठून करावा? पांडुरंगशास्त्र्यांनी सांगितलेली त्रिकाळ संध्या मला या दृष्टीने फार व्यवहार्य वाटते. सकाळी उठताना, जेवणाआधी आणि झोपताना, असे तीन वेळा क्षणभर थांबून स्मरण करावयाचे. त्यामागील श्रद्धा ज्याला आहे त्याला ती लाभेलच. ज्याला नाही त्यानेही ही वेळेची निवड लक्षात घ्यावी, कारण या तीन वेळा कोणाच्याही दिवसात असतातच, त्यांसाठी सवड काढावी लागत नाही, आणि नवी सवय जुन्या सवयीला बांधली म्हणजे ती टिकते. पहिला घास हाती घेण्यापूर्वी तीन श्वास सावकाश घ्यावे, आणि सोडताना घेण्यापेक्षा थोडा अधिक वेळ लावावा. उच्छ्वासाच्या वेळी व्हेगस नावाचा मज्जातंतू हृदयाची गती किंचित मंद करतो, आणि धोका टळल्याची वार्ता शरीरभर जाते. हे आपण सांगून होत नाही, श्वासाने होते.

ज्यांना अधिक करावयाचे आहे, आणि ज्यांचा रोजचा प्रवास दिवा-रोहा गाडीने होतो, त्यांनी पेण सुटले की मोबाईल खिशात ठेवावा. कासूपासून नागोठण्यापर्यंत डोळे मिटून, किंवा खिडकीबाहेरच्या खाचरांवर सैल ठेवून, श्वास मोजावे : एकापासून दहापर्यंत, आणि पुन्हा एक. गर्दीत उभे असाल तरी चालेल. शेजारची मंडळी बोलत असतील तर बोलू द्यावीत. चौथ्या-पाचव्या श्वासाला मोजणी हरवेल, आणि कचेरीतला कोणीतरी मनात येऊन बोलू लागेल. हे ध्यानात आले की रुक्मिणीबाईंची आठवण करावी, अर्धा तोळा अधिक घालून हिशेब जुळविण्याचा मोह टाळावा, सहा झाले असतील असे धरून पुढे जाऊ नये, आणि पुन्हा एकपासून मोजावे.